जिनिंगचा काटा, स्क्वीक स्मॉलटॉक आणि रिस्क-फाइव्ह: वजनातले काहीच आकडे का गळतात?

राळेगावकर

मंडळी, धागा लांब होणार आहे. ज्यांना थेट कोडं हवंय त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारावी.

आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये धर्मकाट्यावरचा प्रोग्राम स्मॉलटॉकमध्ये आहे. हो, स्मॉलटॉक, ती जुनी प्रोग्रामिंग भाषा. मालकांच्या भाच्याने २००६ च्या सुमारास स्क्वीकमध्ये, म्हणजे स्मॉलटॉकच्या एका अवतारात, लिहिला आणि तो परदेशी निघून गेला. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावातली वजावट, १२ च्या वर माल परत, हे सगळं त्यात आहे. काटापट्टी छापून येते. जुना डेस्कटॉप उन्हाळ्यात गेला. त्याच्या जागी मालकांनी माझ्या सांगण्यावरून चार कोअरचं, रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरचं छोटं मशीन घेतलं. वीज कमी खातं, पंखा नाही, आणि जिनमध्ये रुईचा तंतू कुठेही शिरतो हे ज्याने पाहिलंय त्याला पंखा नसण्याचं मोल कळेल.

आता स्क्वीक नव्या प्रोसेसरवर न्यायचं म्हणजे काय, ते थोडक्यात. स्मॉलटॉकमध्ये प्रोग्रामच्या वेगळ्या फायली नसतात. क्लासेस, चालू ऑब्जेक्ट्स, उघड्या खिडक्या, सगळं एका इमेज फायलीत गोठवलेलं असतं. बिऱ्हाड हलवताना पेट्या भरायच्या नाहीत, भिंतींसकट खोलीच उचलायची, असा प्रकार. त्यामुळे इमेजला प्रोसेसर कोणता याच्याशी देणंघेणं नाही. बदलायचं असतं ते इमेज चालवणारं खालचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम.

स्क्वीकची व्हीएम मुळात स्मॉलटॉकच्याच एका मर्यादित रूपात लिहिलेली आहे आणि तिचं आपोआप सी भाषेत रूपांतर होतं. अ‍ॅपलमध्ये १९९६ साली डॅन इंगल्स, टेड केहलर, जॉन मलोनी, स्कॉट वॉलेस आणि अ‍ॅलन के यांनी हे केलं. त्याचा फायदा लगेच दिसला: कोड बाहेर आल्यावर इयान पियुमार्टाने युनिक्सवर आणि आंद्रेआस राबने विंडोजवर तो नेला, मूळ टीमच्या खोलीत न बसता. म्हणजे ज्याच्याकडे सी कंपायलर आहे त्याच्याकडे निम्मं काम झालेलं आहे.

मी जुनीच इंटरप्रिटर व्हीएम (एकेक सूचना वाचत चालवणारी) घेतली. कारण इमेज ३२ बिटांची, फायलीच्या सुरुवातीला ६५०२ हा आकडा असलेली. नवीन व्हीएमना ती तशीच्या तशी चालत नाही, आणि मला इमेजला हात लावायचा नव्हता. ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांची इमेज कशी चालते असं कोणी विचारेल: तिच्यातला ऑब्जेक्टचा पत्ता हा खरा पत्ता नसून मेमरीच्या एका ठरलेल्या सुरुवातीपासूनचं अंतर मानता येतं. दर वेळी एक बेरीज जास्त, बाकी काही नाही. बाइटची उलटसुलट रचना हाही प्रश्न नव्हता. इमेज उघडताना व्हीएम पहिला आकडा वाचते, ओळखीचा नसला तर बाइट उलटे करून पुन्हा बघते. इथे तर दोन्ही मशीनं लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचा सगळ्यात लहान बाइट आधी ठेवणारी.

बिल्ड करताना पहिला अडथळा अगदीच किरकोळ: कॉन्फिगर स्क्रिप्टला हे मशीनच ओळखू आलं नाही. स्क्रिप्ट जुनी, तेव्हा हा प्रोसेसरच अस्तित्वात नव्हता. ते निस्तरलं. मग व्हीएम उभी राहिली, इमेज उघडली, जुन्या मशीनवर शेवटची सेव्ह करताना जी खिडकी उघडी होती तीच समोर आली. १०० फॅक्टोरियल टाकून पाहिलं, अंक न अंक बरोबर.

आता कोडं. काट्याचा डिस्प्ले सिरियल केबलने वजन पाठवतो, ते वाचायला भाच्याने सी मध्ये छोटा प्लगइन (व्हीएमला जोडायचा तुकडा) लिहिलेला आहे. तो कसलीही तक्रार न करता कंपाइल झाला. पण डिस्प्लेवर ३६५० असेल तर स्क्रीनवर ३६५० येतं. डिस्प्लेवर ४१८० असेल तर ० येतो. २३४० असेल तर ३०. ९०५० बरोबर. १७२० परत ०.

केबल बदलली, यूएसबी कन्व्हर्टर बदलला, वेग कमी करून पाहिला. काही फरक नाही. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते, त्याआधी हे सुटायला हवं. कोणाला काही सुचतंय का?

कापूसकोंड्या

राळेगावकर भाऊ, ४१८० चं शून्य होते आन ३६५० तसंच रायते? आमच्या इकडच्या जिनवाल्याले हा धागा दाखवजो नोको. तो म्हणन मले असाच काटा पाह्यजे बाप्पा!

निवांत

वाचतोय. सुटल्यावर इथेच सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विषय संपवू नका.

पुणेरी_पॉइंटर

धागा रोचक आहे, पण मूळ प्रश्न वेगळाच आहे असं वाटतं. वीस वर्षं जुना प्रोग्राम, लिहिणारा देश सोडून गेलेला, भाषा कोणाला येत नाही. काटापट्टी छापायला पायथनमध्ये दोनशे ओळी पुरतात. सिरियल पोर्ट वाचा, डेटाबेसमध्ये टाका, छापा. पोर्टिंगचा हट्ट कशासाठी? जिनमालकाच्या पैशाने आपली हौस भागवू नये, एवढंच. राग नसावा.

राळेगावकर

@पुणेरी_पॉइंटर, राग कसला. हौस आहे हे मान्यच.

पण दोनशे ओळींचं गणित मला पटत नाही. वजन वाचणं आणि छापणं तेवढ्यात होईल. त्या इमेजमध्ये इतक्या हंगामांचे नियम साचलेत. कोणत्या साली ओलाव्याची वजावट कशी धरली, पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदड यांचा भाव कसा वेगळा लावला, एकाच ट्रॅक्टरमध्ये दोघा भावांचा माल आला तर पट्टी कशी फोडायची. हे कुठेही कागदावर नाही. काट्यावर बसणारा मुनीम दरवर्षी भाच्याला फोन करायचा आणि भाचा चालू प्रोग्राममध्येच मेथड बदलायचा, प्रोग्राम बंद न करता. ते सगळं उकलून दुसऱ्या भाषेत लिहायचं म्हणजे मुनीम आणि मी अख्खा हंगाम समोरासमोर बसणार. व्हीएम हलवायची तर मला त्या नियमांपैकी एकही समजून घ्यावा लागत नाही.

आणि भाषा कोणाला येत नाही हे खरं नाही. मुनीमजींना इन्स्पेक्टर उघडून ऑब्जेक्टमधला आकडा बघता येतो. त्याला स्मॉलटॉक म्हणतात हे त्यांना माहीत नाही इतकंच.

जुना_दप्तरी

अमरावतीला संगणकशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. या धाग्यात एक योगायोग आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकड्यांच्या कोड्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आधीच सांगतो.

स्मॉलटॉक-८० झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातून बाहेर पडलं तेव्हा त्यांनी तुमच्यासारखंच काम इतरांकडून करून घेतलं होतं. अ‍ॅपल, डेक, एचपी आणि टेक्ट्रॉनिक्स या चार कंपन्यांना इमेज दिली आणि व्हीएमचं वर्णन दिलं, तुमच्या मशीनवर उभं करून दाखवा म्हणून. त्यांचे अनुभव १९८३ साली ग्लेन क्रासनर यांनी संपादित केलेल्या हिरव्या मुखपृष्ठाच्या पुस्तकात आले आहेत. आम्ही त्याच्या झेरॉक्स प्रती वाचायचो, म्हणजे दोन्ही अर्थांनी झेरॉक्स.

त्याच सुमाराला बर्कलीमध्ये डेव्हिड पॅटरसन आणि डेव्हिड उंगार यांच्या गटाने उलटी वाट धरली. भाषा मशीनवर न्यायच्या ऐवजी भाषेसाठी प्रोसेसरच बनवायचा. त्याचं नाव सोअर, 'स्मॉलटॉक ऑन अ रिस्क' याचं लघुरूप. रिस्क म्हणजे मोजक्या, साध्या सूचनांचा प्रोसेसर. बर्कलीच्या मोजणीत रिस्क-वन, रिस्क-टू, मग तिसरा हा सोअर, चौथा स्पर, आणि पाचवा तुमच्या जिनमधला रिस्क-फाइव्ह. म्हणजे या घराण्यात दोन पिढ्यांआधी खास स्मॉलटॉकसाठी जन्मलेला एक पूर्वज आहे.

आता गंमत बघा. स्मॉलटॉकमध्ये साधी बेरीजही तपासून करावी लागते. लहान पूर्णांकाच्या शब्दातला एक बिट खुणेसाठी राखलेला असतो. तुमच्या ३२ बिटांच्या इमेजमध्ये म्हणून १०७३७४१८२३ च्या पुढचा आकडा लहान पूर्णांकात मावत नाही, मोठ्या पूर्णांकाचा ऑब्जेक्ट बनवावा लागतो. सोअरमध्ये ही खूण हार्डवेअरच तपासायचं, आकडे खरोखर पूर्णांक नसतील किंवा बेरीज ओसंडली तर प्रोसेसर स्वतः थांबायचा. रिस्क-फाइव्हमध्ये यातलं काहीच ठेवलं नाही. एक्स८६ (नेहमीच्या डेस्कटॉपचे प्रोसेसर) किंवा आर्ममध्ये (मोबाइलचे) ओव्हरफ्लोचा फ्लॅग, म्हणजे बेरीज ओसंडल्याची खूण, तरी असतो, इथे फ्लॅगच नाहीत. दोन चिन्हांकित आकड्यांची बेरीज ओसंडली का हे बघायला बेरजेनंतर आणखी तीन सूचना लागतात. स्मॉलटॉकसाठी केलेल्या सोयी नातवाने वारशात घेतल्याच नाहीत. माझ्या मते बरोबर केलं, कारण सी लिहिणाऱ्या बाकी जगाला त्या सोयीचा उपयोग नव्हता. पण हळहळ वाटायची ती वाटतेच.

वऱ्हाडकन्या

सर, किती छान सांगितलंत. स्क्वीकचं एक अवांतर: शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराटच्या शाळेत झाला होता. त्या लॅपटॉपवर मुलांसाठीचं ईटॉइज असायचं, ते स्क्वीकवरच चालतं. त्याचं पहिलं मॉडेल एक्स८६ चं आणि नंतरचं एक आर्मचं होतं, म्हणजे तिथेही कोणीतरी राळेगावकरांसारखंच खपलं असणार.

माझा प्रश्न: शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत का त्या प्रोग्राममध्ये? असली तर ती पोर्ट झाल्यावर नीट दिसतात का?

पुणेरी_पॉइंटर

नियम साचलेत हा मुद्दा मान्य, मागे घेतो. पण मग अर्धवट का थांबता? शुद्ध इंटरप्रिटरवर स्मॉलटॉक रांगतं. प्रत्येक मेसेजला (ऑब्जेक्टला दिलेल्या हाकेला) मेथड शोधा, प्रत्येक बाइटकोडला (व्हीएमच्या सूचनेला) स्विच. पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं होतं की चालता चालता मशीन कोड बनवायचा आणि कॉलच्या जागीच क्लास लक्षात ठेवायचा. असं चालता चालता भाषांतर करण्याला जिट म्हणतात, आजची बरीच जिटवाली मंडळी तीच युक्ती वापरतात. फारो या स्क्वीकच्या भावंडाची जिट रिस्क-फाइव्हवर न्यायचं काम फ्रान्समधल्या संशोधकांनी केलेलं आहे. ते घ्या.

सरकी

आकड्यांचं कोडं सुटलं असं वाटतंय. भाऊ, आधी हे तपासा: कोणते अंक गळतात आणि कोणते टिकतात?

तुमच्या उदाहरणांत टिकलेले अंक ०, ३, ५, ६, ९. गळालेले १, २, ४, ७, ८. आता या अंकांचे आस्की कोड (संगणकातले त्यांचे क्रमांक) बायनरीत लिहून त्यात १ किती वेळा येतो ते मोजा. ० चा कोड ००११००००, एक दोनदा, म्हणजे सम. ३ चा ००११००११, चार, सम. ५, ६, ९ यांचेही चार. आणि १ चा ००११०००१, तीन, विषम. २, ४, ८ यांचेही तीन, ७ चे पाच. म्हणजे ज्यांच्यात विषम एक आहेत तेवढेच अंक गळतायत.

याचा अर्थ तुमचा डिस्प्ले सात बिट आणि सम पॅरिटी (एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला तपासणीचा बिट) पाठवतोय, आणि प्रोग्रामने पोर्ट आठ बिटांवर उघडलाय. पॅरिटीचा बिट आठव्या जागी येऊन बसतो. ज्या अंकांत विषम एक आहेत त्यांच्यावर तो १ होतो, आणि ४९ च्या ऐवजी १७७ येतं.

आता हे जुन्या मशीनवर का चालत होतं? माझा अंदाज, प्लगइनमध्ये कुठेतरी 'बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर १२८ मिळवा' असं काही असणार. एक्स८६ लिनक्सवर सी मधला कॅर हा प्रकार चिन्हासहित असतो. तिथे १७७ हा बाइट उणे ७९ म्हणून वाचला जातो, त्यात १२८ मिळवले की ४९, म्हणजे अंक १. चोख. रिस्क-फाइव्हवर कॅर बिनचिन्हाचा असतो. तिथे बाइट शून्यापेक्षा लहान कधीच होत नाही, ती अट कायमची मेली. मग १७७ हा काही अंक नाही म्हणून पुढे गाळला जातो. ४१८० मधले ४, १, ८ गेले, उरला शून्य. २३४० मधले २ आणि ४ गेले, उरले ३०.

सी च्या मानकात कॅरला चिन्ह असावं की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. लिनक्सवर आर्म आणि पॉवरपीसीसुद्धा बिनचिन्हवालेच. त्यामुळे कंपायलर तक्रार करत नाही, दोन्ही अर्थ त्याच्या लेखी वैध.

कापूसकोंड्या

सरकीताई (का भाऊ?), पायाले हात लावतो. इथं जिनमधला काटा दहा वर्सं पाह्यला, पन त्याच्या आकड्यात सम-विषम असते हे आज समजलं.

राळेगावकर

सरकी, तंतोतंत! प्लगइन उघडला. तुम्ही लिहिलीत तीच अट आहे, तेच १२८. कंपायलरला कॅर चिन्हासहित मानायचा पर्याय देऊन बांधलं आणि ४१८० आलं. मग तो पर्याय काढून टाकला आणि पोर्टच सात बिट, सम पॅरिटीवर उघडला. पर्यायाच्या भरवशावर ठेवलं असतं तर पुढच्या वेळी बांधणारा तो विसरणार हे नक्की.

या निमित्ताने प्लगइन ओळ न ओळ वाचला, तर आणखी एक सापडलं. वजनाच्या आकड्याला डिस्प्लेने पाठवलेल्या मापाने भागलेलं आहे. डिस्प्ले बंद असला की ते माप शून्य. एक्स८६ वर पूर्णांकाला शून्याने भागलं की प्रोसेसर अपवाद उठवतो, लिनक्स प्रोसेस मारून टाकतं, म्हणजे अख्खी व्हीएम खाली. भाच्याने बाहेरून एक स्क्रिप्ट ठेवली होती, ती प्रोग्राम पुन्हा सुरू करायची. मुनीमजींच्या लेखी 'प्रोग्राम पडला' याचा अर्थ 'डिस्प्लेचं बटण दाबायचं राहिलंय' असाच होता, आणि तो बरोबरही होता.

रिस्क-फाइव्हमध्ये शून्याने भागणं हा अपवादच नाही. उत्तरातले सगळे बिट १ होतात, म्हणजे उणे एक. प्रोग्राम पडत नाही, शांतपणे उणे १ किलो वजनाची पट्टी छापतो. आर्मवर हेच शून्य आलं असतं. आता प्लगइनमध्येच तपासणी घातली, स्क्रीनवर 'काट्याचा डिस्प्ले बंद आहे' असं येतं. गंमत म्हणजे स्मॉलटॉकच्या स्वतःच्या भागाकारात हा प्रश्न मुळातच नाही, तिथे व्हीएम आधी भाजक बघते आणि व्यवस्थित एरर देते. दोन्ही घोळ सी च्या त्या एवढ्याशा प्लगइनमधले. तयार झालेल्या हजारो ओळींच्या व्हीएमने मला काहीच त्रास दिला नाही. ती इतक्या प्रोसेसरांवरून फिरून आली आहे की तिच्यातली अशी गृहीतकं कधीच घासून गेली असावीत. प्लगइन मात्र आयुष्यभर एकाच मशीनवर बसून होता.

@वऱ्हाडकन्या, ताई, नावं रोमन लिपीतच आहेत. जुन्या स्क्वीकला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, म्हणून भाच्याने तो नाद केला नसावा.

@पुणेरी_पॉइंटर, जिटचं नंतर लिहितो, लाइट गेली आहे आणि इन्व्हर्टर आचके देतोय.

सरकी

(ताईच.) @राळेगावकर, दशांश अपूर्णांकाचं पूर्णांकात रूपांतर कुठे होत असेल तर तेही बघून घ्या. मावत नसलेला आकडा ३२ बिटांच्या पूर्णांकात घातला तर एक्स८६ ठरावीक एकच उत्तर देतो, सगळ्यात मोठा उणे आकडा. रिस्क-फाइव्ह आणि आर्म त्या दिशेच्या टोकाच्या आकड्यावर थांबतात. कोणी 'उत्तर भलतंच उणे आलं तर चूक समजा' असं लिहून ठेवलं असेल तर ते इथे पकडलं जाणार नाही.

राळेगावकर

सरकीताई, बघितलं, तसं कुठे नाही. तरी आभार.

जिटबद्दल. पुणेरी भाऊ, तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, पण इथे एका गाडीचं वजन स्थिरावायलाच काही सेकंद जातात. तेवढ्यात इंटरप्रिटर लाखो मेसेज पाठवून मोकळा होतो. पट्टी छापायला लागणारा वेळ हा प्रिंटरच्या डोक्याचा आहे, स्मॉलटॉकचा नाही. आणि जिट घ्यायची तर इमेज नव्या स्वरूपात न्यावी लागेल, जे मी सुरुवातीपासून टाळतोय.

दुसरं, इंटरप्रिटर नेणं आणि जिट नेणं ही कामं वेगळ्या जातीची आहेत. इंटरप्रिटर म्हणजे सी, ते कंपायलर बघून घेतो. जिट स्वतःच कंपायलर असते, तिला प्रत्येक प्रोसेसरची सूचना न सूचना शिकवावी लागते. कॉग या नव्या व्हीएमची जिट मूळ बेतली गेली ती फ्लॅग असलेल्या प्रोसेसरांना धरून, आणि दप्तरी सरांनी सांगितलं तसे इथे फ्लॅग नाहीत. वर चालता चालता कोड बदलला की सूचनांचा कॅश (प्रोसेसरने जवळ ठेवलेली प्रत) झटकावा लागतो. एक्स८६ ते हार्डवेअरमध्ये सांभाळतो. रिस्क-फाइव्हवर त्यासाठीची सूचना फक्त ज्या कोअरवर दिली तिथेच लागू होते, आणि लिनक्स मध्येच तुम्हाला दुसऱ्या कोअरवर हलवू शकतं, म्हणून कर्नलमार्फतच ते करून घ्यावं लागतं. हे चुकलं तर बिघाड कधी दिसेल कधी दिसणार नाही. रांगेत ट्रॅक्टर उभे असताना मला तसलं काही नको.

पुणेरी_पॉइंटर

ठीक. काट्यापुरतं पटलं. मशीन हंगाम संपल्यावर रिकामं असेल तर तेव्हा जिटचं बघू, मी मदतीला आहे.

जुना_दप्तरी

पुणेरी, मलाही घ्या. सोअरची हौस या वयात तरी भागवून घेतो.

निवांत

माझ्याकडेही जुन्या लायब्ररीत कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीन ओळखत नाही म्हणून अडकलंय. ते नेमकं कसं निस्तरलंत?

राळेगावकर

@निवांत, सोर्समध्ये कॉन्फिग-डॉट-गेस आणि कॉन्फिग-डॉट-सब अशा दोन फायली असतात, मशीनची ओळख त्यांच्यात असते. डेबियनवर ऑटोटूल्स-डेव्ह नावाचं पॅकेज टाका, त्याच नावाच्या ताज्या फायली यूएसआर-शेअर-मिस्क या फोल्डरमध्ये येतात. जुन्यांवर त्या कॉपी करा. एकाच सोर्समध्ये त्या दोन-तीन ठिकाणी पडलेल्या असू शकतात, सगळीकडे बदला, मग कॉन्फिगर पुन्हा चालवा.